म्हातारीचं जेवण

काकांच्या घरात भाड्याने राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच पहाटे भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला.

"म्हातारे, उठलीस काय गो? भूक लागली? थांब, घालतो जेवायला."

मग थोडा वेळ चमच्याची किणकिण, आणि परत, "सावकाश, सावकाश. तुझं कोण पळवून नेत नाय."

मला फार बरं वाटलं. साठी उलटलेला मुलगा पहाटे पाचला उठून अंथरुणाला खिळलेल्या आईला भरवतोय, असं घर मिळालं म्हणजे नशीबच म्हणायचं. मी कराडची. पहिलीच नोकरी, रत्नागिरीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचा, आणि घरापासून इतकी लांब मी याआधी कधी राहिले नव्हते. चार दिवस झाले तरी आजी काही दिसल्या नाहीत. पाचव्या दिवशी बाजारातून दोन मोसंबी घेतली आणि काकूंकडे गेले.

"काकू, आजींना नमस्कार करून येते म्हटलं."

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मोसंब्यांकडे बघितलं, आणि हसता हसता त्यांच्या हातातलं सूप कलंडलं. मग मला मनगटाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि फडताळ उघडलं. आत चिनी मातीची एक बरणी होती, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं.

"ही बघ. सासू म्हण नाहीतर माझी सवत म्हण. कर नमस्कार."

बरणीत खमीर होतं. पाण्यात कालवून आंबवलेलं, बुडबुडे धरलेलं गव्हाचं पीठ. त्याला रोज पहाटे थोडं ताजं पीठ आणि कोमट पाणी घालायचं, म्हणजे ते जिवंत राहतं. काकांनी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाक्याचं काम केलं होतं. तिथल्या एका गोव्याच्या म्हाताऱ्या पाववाल्याने निवृत्त होताना आपल्या खमिरातला गोळा काकांच्या हातात दिला. त्याने ते कधीकाळी माडीवर, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसावर, धरलेलं होतं म्हणे. काका जहाज सोडून घरी आले ते एक ट्रंक आणि ही बरणी घेऊन. ट्रंक काकूंनी उचलली. बरणीला काकांनी हात लावू दिला नाही.

काका अंगाने आडवे, रंगाने काळेभोर आणि चालायचे पाय फाकून, जणू पायाखालची जमीन अजून डुलते आहे. घरातल्या सगळ्या फळ्यांना त्यांनी बोटभर उंचीच्या लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या, भांडी घसरू नयेत म्हणून. चिऱ्याचं भक्कम घर ते, शंभर वर्षांत जागचं हललं नव्हतं. मी एकदा तसं म्हटलंही. काका म्हणाले, "आजपर्यंत नाय हललं. उद्याचं कोणी सांगितलंय?" त्यांना कोणी जेवताना पाण्याचा पेला काठोकाठ भरून दिला, की ते आधी अर्धा ओतून टाकायचे आणि मगच तोंडाला लावायचे.

रोज पीठ घातलं की खमीर वाढतं. वाढलेलं टाकून देणं काकांच्या धर्मात बसत नव्हतं. म्हणून आठवडाभराचं जास्तीचं खमीर दुसऱ्या भांड्यात साठवायचं आणि बुधवारी त्याची बिस्किटं करायची. बिस्किटंच म्हणायचं, नानकटाई म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "नानकटाई तोंडात घातली की विरघळते. माणसाला विचार करायला वेळ नको काय?" खमिरात ते तूप, गूळ, नाचणीचं पीठ, ओलं खोबरं भाजून, आणि किसलेलं जायफळ घालायचे. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पत्र्याचा मोठा डबा, तळाला वाळू, वर झाकणावर करवंट्यांचे निखारे, ही त्यांची भट्टी. बुधवारी दुपारी ते खाकी अर्धी चड्डी घालायचे आणि डोक्यावर जहाजावरची पांढरी टोपी. चार वाजता पितळी ताटलीवर पळीने तीन ठोके पडले, की आळीला कळायचं, पहिला घाणा निघाला.

चव सांगायची तर आधी गोड, मग खरपूस, आणि शेवटी जिभेच्या कडेला किंचित आंबट. पहिलं बिस्किट खाताना मला ते बिघडलंय असं वाटलं होतं. तिसऱ्या बुधवारी मी शाळेतून चारच्या आत घरी पोचायला धावायला लागले.

पण बुधवारची खरी गंमत बिस्किटं खाण्यात नव्हती. आळीत कोणाचं काही बिनसलं, की ते माणूस बुधवारी काकांच्या मागल्या अंगणात येऊन बसायचं. काका विचारपूस अजिबात करायचे नाहीत. परात पुढे सरकवायचे. "मळ." एवढंच. शेजारच्या एकीच्या नवऱ्याचं मुंबईहून तीन महिने पत्र नव्हतं. ती मळता मळता रडायला लागली तेव्हा काका म्हणाले, "रड बाय, हवं तेवढं रड. पण तोंड तिकडं कर. पिठात मीठ मी मोजून घातलंय." ती रडता रडता हसायला लागली. पत्र काही त्यामुळे लवकर आलं नाही, पण ती पुढे दर बुधवारी यायला लागली, आणि पत्र आल्यावरही येत राहिली.

माझीही पाळी आली. आठवीच्या वर्गात माझ्या बोलण्याची नक्कल चालायची. मी "कुठं निघालीस गं" म्हटलं की मागच्या बाकांवरून तेच घाटावरच्या हेलात परत यायचं. एका बुधवारी मी वर्ग अर्धा सोडून घरी आले, राजीनाम्याचा कागद लिहिला आणि पाकिटात घातला. पाकीट चिकटवायला डिंक नव्हता म्हणून काकांकडे गेले. त्यांनी कागद वाचला, पाकीट परातीच्या बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "डिंक नाय. मळ."

मी तासभर मळत होते. काका मध्येच एकदा बोलले. "जहाजावर पहिलं वर्षभर माझ्या इंग्रजीला सगळे हसायचे. कप्तान तर पोट धरून. मी म्हटलं, हसून घ्या, जेवायला माझ्याकडंच मागायचंय तुमाला." पुढच्या दिवशी मी डबाभर बिस्किटं घेऊन आठवीच्या वर्गात गेले आणि म्हटलं, माझी नक्कल जी सगळ्यात चांगली करेल तिला दोन. अकरा मुली उठल्या. एकीने तर मला माझ्या आईची आठवण करून दिली. त्या दिवसापासून त्या वर्गाने मला कधी त्रास दिला नाही. तो राजीनामा काकांनी भट्टी पेटवायला वापरला, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

असं सगळं छान चाललं असताना मी म्हातारीला मारलं.

त्या उन्हाळ्यात काकांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. दहा दिवस दवाखान्यात. काकू त्यांच्यापाशी राहणार, मला सुट्टी होती पण पेपर तपासायला मी थांबले होते. जाण्याआधी काकांनी मला बरणीपुढे उभं केलं. "रोज पहाटे पाच. दोन पळ्या पीठ. पाणी कोमट. मनगटावर थेंब टाकून बघायचं, पोराच्या दुधासारखं. कळलं?" मला कळलं होतं. सहा दिवस मी ते चोख केलं. सातव्या दिवशी उठायला उशीर झाला, न्हाणीत पाणी तापलेलं होतं, त्यातलंच वाटीभर घेतलं आणि मनगटाची आठवण न ठेवता ओतलं.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे नव्हते. तिसऱ्या दिवशी वर पाणी सुटलं. चौथ्या दिवशी गुलाबी रेघा आल्या आणि असा वास सुटला की मी फडताळ बंद करून अंगणात जाऊन बसले.

काका घरी आले ते पोटाला हात धरून, पण चप्पल काढायच्या आधी फडताळापाशी गेले. फडकं सोडलं. वास घेतला. मी दारात उभी राहून खरं ते सगळं सांगितलं. शब्द न शब्द. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बरं." मग बरणी परसात नेऊन माडाच्या मुळाशी रिकामी केली, विहिरीच्या पाण्याने स्वतः धुतली आणि उन्हात पालथी घातली.

नंतरचा महिना वाईट गेला. काकांनी नवं खमीर धरायचे नाना प्रयोग केले. माडी आणून बघितली, दही घालून बघितलं, एकदा तर आंब्याची साल. पीठ फुगायचं, पण चव यायची नाही. आळीतले लोक बिस्किटं घेऊन "वा, वा" म्हणायचे. ते "वा" ऐकलं की काका टोपी काढून ठेवायचे. मग एका बुधवारी भट्टी पेटलीच नाही. पुढच्याही. पहाटे पाचला भिंतीपलीकडून काही ऐकू येईना. मी जागी होऊन तशीच पडून राहायचे.

काकूंना महिन्यातून एकदा जवळच्या पालीला जावं लागायचं, तिथल्या वैद्याकडून गुडघ्याला लेप लावून घ्यायला. मी आल्यापासून त्या न चुकता जात होत्या आणि गुडघा न चुकता दुखत होता. त्या महिन्यात त्या पालीहून आल्या आणि पिशवीतून एक डबा काढून काकांपुढे ठेवला. आत चार बिस्किटं होती.

काकांनी एक उचललं, दाताने तोडलं. चावायचे थांबले.

"हे कुठलं?"

"पालीचं."

"पालीत कोणाकडे माझी म्हातारी आहे?"

काकू सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या मुलीकडे."

मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. या घरात दीड वर्षं राहूनही यांना मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. भिंतीवर फोटो नव्हता, कधी कोणाच्या तोंडी नाव नव्हतं. मला वाटायचं, मूलबाळ नाही बिचाऱ्यांना.

त्या संध्याकाळी काकूंनी सगळं सांगितलं. मुलीने सहा वर्षांपूर्वी आपल्या शाळेतल्या बरोबरच्या शिक्षकाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा बौद्ध समाजातला, शिकलेला, निर्व्यसनी. काका भांडले नाहीत, मारझोड केली नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांनी मुलीचा विषय बंद केला आणि फोटो उतरवला. घर सोडताना मुलीने दागिना नेला नाही की भांडं. वाटीभर खमीर नेलं. आणि वैद्य वगैरे पालीत कोणी नव्हता. काकूंचा गुडघा ठणठणीत होता.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी धुतलेली बरणी पिशवीत घातली आणि माझ्या खोलीपुढे उभे राहिले.

"तू मारलंस. तू चल."

एसटीत आम्ही शेजारी बसलो. हातखंब्याच्या फाट्यापाशी काकांनी मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाले, "खमीर मागायचं आणि निघायचं. बसायचं नाय." मी म्हटलं बरं.

घर बाजाराच्या मागे, दोन खोल्या, पुढे जास्वंद. दार मुलीनेच उघडलं. आडव्या बांध्याची, हुबेहूब काकांच्या चेहऱ्याची. काकांनी पायरीवरूनच बरणी पुढे धरली.

"माझी मेली. थोडी दे."

मुलगी बरणीकडे बघत राहिली. म्हणाली, "सहा वर्षांनी आलात ते पिठासाठी?"

काका बरणी तशीच पुढे धरून राहिले.

"बाबा, मला एक सांगा. जहाजावर तुम्ही कोणाकोणाच्या हातचं खाल्लंत? तुम्हीच सांगायचात ना मला लहानपणी, पंधरा मुलखांची माणसं आणि चूल एक. मी ते खरं मानलं. माझी चूक तेवढीच झाली."

तिचा आवाज चढला नव्हता, पण बाजूच्या घरातली बाई बाहेर येऊन उभी राहिली. मला वाटलं, काका आता मागे वळणार. तेवढ्यात आतून तिचा नवरा आला. उंच, शिडशिडीत, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. त्याने काकांना ओळखलं. नमस्कार केला नाही, पण दारातून बाजूला झाला.

"खमीर देतो. आधी जेवून घ्या. उपाशी माणसाला या घरातून आम्ही परत पाठवत नाही."

काका पायरीवर उभेच. त्यांनी त्या हातांकडे बघितलं. "काय मळतोयस?"

"बिस्किटं. आज बुधवार."

"तू मळतोस?"

मुलगी पहिल्यांदाच हसली, अगदी नाइलाजाने. "मला कुठं जमतंय पहाटे पाचला उठायला? पहिल्या महिन्यातच मरायला टाकली होती मी. तेव्हापासून हेच बघतात."

काकांनी चप्पल काढली. जावयाच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले, मीही गेले. तिथे फळीवर काचेची बरणी, तोंडाला फडकं.

"पाणी कसं घालतोस?"

"कोमट. मनगटावर बघून."

"पीठ?"

"गव्हाचंच. पावसाळ्यात चमचाभर जास्त."

"ते कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पावसाळ्यात सैल पडायला लागली, म्हणून घालून बघितलं."

काका परातीपाशी बसले. गोळ्यात दोन बोटं खुपसली, चिमूट काढून जिभेवर ठेवली. बराच वेळ तोंडात घोळवली.

"पावसाळ्यात चमचाभर जास्त," ते स्वतःशीच म्हणाले. "मला तीस वर्षांत सुचलं नाय."

जावई उभाच होता. तो म्हणाला, "एक स्पष्ट सांगतो. मी ही तुमच्यासाठी ठेवली नाही. हिला बुधवारी घरची आठवण यायची, नीट जेवायची नाही. म्हणून शिकलो."

काकांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तू जहाजावर आला असतास, तर पहिल्याच दिवशी तुला मी भट्टीवर उभा केला असता. घर, गाव, बाप कायसुद्धा विचारलं नसतं. जमिनीवर पाय लागला आणि माझी बुद्धी फिरली. चुकलो मी." आणि लगेच, जसं काही झालंच नाही असं, "मीठ कमी आहे याच्यात."

"मीठ बरोबर आहे," मुलगी दारातून म्हणाली. ती रडत होती. "तुमच्या बिस्किटात जास्त असतं. आई कधी बोलली नाही एवढंच."

कुळथाचं पिठलं, भात आणि भाजलेली सुकट. काकांनी भात दोनदा मागून घेतला. पाणी द्यायला जावई उठला, पेला काठोकाठ भरून आणला, आणि काका तो तसाच प्यायले.

पुढच्या बुधवारी दोघं रत्नागिरीला आली. एसटी स्टँडवर काकू स्वतः गेल्या, ठणठणीत गुडघ्यांनी, आमच्या पुढे पुढे. आळीतून येताना दोन्ही बाजूंना पडव्यांमध्ये माणसं येऊन बघत उभी होती. मुलीने माझा हात घट्ट धरला होता. समोरच्या घरातले निवृत्त अव्वल कारकून कुंपणाशी आले. सहा वर्षांपूर्वी काय घडलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी जावयाकडे बघत त्यांनी काकांना विचारलं, "कोण पावणे आले म्हणायचे?"

काका थांबले. पांढरी टोपी नीट केली आणि आळीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "पावणा नाय, जावय आहे माझा. भट्टी आज तोच लावणार. तुमाला हवीत काय बिस्किटं?"

कारकुनांनी खाकरून काहीतरी म्हटलं आणि ते आत गेले.

त्यांनी आणि आणखी एका घराने त्यानंतर आमच्याकडची बिस्किटं घेणं बंद केलं. ते दुसरं घर गणपतीपर्यंत परत आलं. कारकून कधीच आले नाहीत. मी एकदा काकांना विचारलं, वाईट नाही का वाटत, तीस वर्षांचा शेजार. ते झाकणावरचे निखारे सारखे करत होते, आणि पलीकडे अंगणात जावई आणि मुलगी मिठावरून भांडत होते.

"वाटतं की," काका म्हणाले. "पण त्याच्या वाटणीची बारा बिस्किटं असायची. घरात आता खाणारी माणसं वाढलीत."